आम्ही दुसरे आलो, हे आपणच लिहिले होते

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि जिल्हा फुटबॉल लीग समितीचे सर्व सभासद

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका रविवारी रात्री पावणेबारा वाजता आपले परिपत्रक क्लबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आले. दोन पाने. पहिल्यावर प्रवेश फी, अनामत आणि खेळाडूंच्या नोंदणीच्या तारखा. दुसऱ्यावर, जर्सीच्या रंगाबद्दलच्या कलमाखाली, कलम सात: लीगच्या पुनर्रचनेमुळे यंदा सेकंड डिव्हिजनमधून कोणत्याही संघाला वर घेतले जाणार नाही आणि फर्स्ट डिव्हिजनमधल्या रिकाम्या जागा समिती आपल्या अधिकारात भरेल. खाली सही, शिक्का. यंदा सेकंड डिव्हिजनमध्ये आमचा क्लब दुसरा आला होता.

एवढी मोठी गोष्ट जर्सीच्या रंगाखाली लिहायची कल्पना कोणाची, हे मला खरंच जाणून घ्यायचे आहे.

त्या रात्री आमचा राइट बॅक चाकणहून सेकंड शिफ्ट संपवून कंपनीच्या बसमधून परत येत होता. परिपत्रक त्यानेही वाचले. त्याचा फोन आला. "काका, मग आपण दुसरे आलो त्याचं काय झालं?" मी एकोणीस वर्षे या क्लबचा चिटणीस आहे, त्याआधी नऊ वर्षे याच क्लबचा गोलकीपर होतो, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून हे पत्र. आपल्याला दोनदा लेखी अर्ज दिला, एकदा समक्ष भेटलो. अर्जाची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. आता तेच चार लोकांसमोर मांडतो.

क्लबचे नाव लिहीत नाही. ते आपल्याला माहीत आहे, आणि इतर वाचणाऱ्यांसाठी ते कोणत्याही छोट्या क्लबचे असू शकते. घोरपडीच्या बाजूचा, रेल्वेच्या चाळींतून उभा राहिलेला क्लब. मालमत्ता म्हणाल तर एक लोखंडी ट्रंक, गोलच्या दोन जाळ्या (एक शिवलेली), बिब (सरावात जर्सीवर घालायचे रंगीत बनियन) आणि चेंडू ठेवायचे पोते. टीममध्ये एक पेंटर, एक जिम ट्रेनर, घरोघरी जेवण पोचवणारे दोघे, मणिपूरहून शिकायला आलेले तीन विद्यार्थी, आणि चाकणच्या शिफ्टमधले दोन. सामना सकाळी आठचा असला की पेंटर त्या दिवसाची मजुरी सोडतो, आणि शिफ्टवाले न झोपता येतात. पैसे आम्ही कोणालाच देत नाही, द्यायला नाहीतच. सामन्यानंतर वडापाव आणि चहा, जिंकलो तर मिसळ.

मग ही पोरे का थांबतात? चांगला खेळणारा पोरगा आमच्याकडे दोन वर्षांत तयार होतो आणि तिसऱ्या वर्षी मोठ्या क्लबचा निरोप येतो. त्याला अडवायला माझ्याकडे एकच वाक्य असते: "अजून एक वर्ष थांब, यंदा आपण वर जाऊ." आपल्या कलम सातने माझे हे वाक्य खोटे ठरवले. आता मी पोरांना काय सांगून थांबवू?

पहिली तक्रार इतकी साधी आहे की लिहायला संकोच वाटतो. हंगाम सुरू होताना पहिले दोन संघ वर जातील असे ठरले होते. क्लब प्रतिनिधींच्या बैठकीत ते सांगितले गेले, मी तिथे तिसऱ्या रांगेत बसलो होतो. हंगाम संपला, आपल्याच सहीने अंतिम गुणतक्ता निघाला, त्यात आमचा क्लब दुसरा. त्यानंतर पुनर्रचना सुचली. रमीत पाने उघडी झाल्यावर जोकर बदलायचा नसतो, हे घरातल्या लहान पोरालाही कळते. पुनर्रचनेला माझा विरोध नाही. डिव्हिजन तीनच्या चार करा, चारच्या दोन करा, पण ते पुढच्या हंगामासाठी, पहिली शिट्टी वाजायच्या आधी.

दुसरी तक्रार त्या दुसऱ्या क्रमांकापर्यंत आम्ही कसे पोचलो त्याबद्दल आहे, आणि इथे मला थोडे सविस्तर लिहू द्या. कारण बाहेरच्यांना गुणतक्ता हा आकड्यांचा कागद वाटतो, आम्हाला त्यातली एकेक सकाळ आठवते.

आमच्या गटात आठ संघ, म्हणजे प्रत्येकाचे सात सामने. त्यातल्या एका संघाने पाच सामने खेळून माघार घेतली. आपण त्या संघाचे सगळे निकाल रद्द केले. आम्ही त्यांना ४-० हरवले होते. आमचे तीन गुण आणि चार गोल एका ओळीच्या मेसेजने गेले. तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या संघाने त्यांच्याशी बरोबरी केली होती, त्यांचा एकच गुण गेला. पुष्कळ लीगमध्ये असा नियम असतो की माघार घेणारा संघ निम्म्याहून कमी सामने खेळला असेल तर त्याचे निकाल पुसायचे, जास्त खेळला असेल तर झालेले निकाल ठेवायचे आणि उरलेल्या सामन्यांत समोरच्याला वॉकओव्हर, म्हणजे न खेळता विजय, द्यायचा. सातपैकी पाच हे निम्म्याहून जास्त होतात. आपला नियम काय आहे, असे मी विचारले. उत्तर आले, "समितीचा निर्णय अंतिम." तो कसा घ्यायचा हे कुठे लिहिले आहे, एवढेच मी विचारत होतो.

आता आमच्या बाजूचेही सांगतो, म्हणजे मी फक्त रडगाणे गातोय असे कोणी म्हणायला नको. चौथ्या सामन्याला आमचे सहाच खेळाडू वेळेवर पोचले. रेल्वेचे फाटक पडले होते, मागे मालगाडी, त्यामागे आणखी एक गाडी. फुटबॉलच्या नियमात सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरूच करता येत नाही. रेफ्रींनी पंधरा मिनिटे थांबून पाहिले, घड्याळ दाखवले आणि शिट्टी वाजवली. वॉकओव्हर, ०-३. तीन मिनिटांनी आमचा सातवा खेळाडू बूट हातात घेऊन धावत मैदानात शिरला. त्याच्या तोंडाकडे बघवेना. मी रेफ्रींशी हुज्जत घातली नाही. नियम लिहिलेला होता, आम्हाला माहीत होता, चूक आमची होती. अख्ख्या हंगामात आम्ही हरलो तो एवढा एकच सामना, आणि त्यात एकदाही चेंडूला पाय लागला नाही.

म्हणजे लिहिलेला नियम आम्ही तीन गोलांसकट गिळला. न लिहिलेला गिळा म्हणता, तो घशाखाली उतरत नाही.

आमचे सामने रविवारी संपले: १३ गुण, गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) अधिक सहा. तिसऱ्या संघाचे १० गुण, गोलफरक अधिक दोन, आणि त्यांचा शेवटचा सामना मंगळवारी. आमचा आपसातला सामना १-१ सुटला होता, त्यामुळे तो निकष धरला तरी फैसला होत नव्हता. चार गोलांनी जिंकले तर बरोबरी, पाच गोलांनी जिंकले तर ते वर. रविवारी दुपारपासून हा हिशोब सगळ्यांना पाठ. मी मंगळवारी अर्धी रजा टाकून गोलपोस्टच्या मागे उभा होतो. समोरचा संघ आठ खेळाडू घेऊन आला. त्यांना जिंकून काही मिळवायचे नव्हते, हरून काही गमवायचे नव्हते. मी कोणावर आरोप करत नाही. शिफ्ट काय असते, फाटक काय असते, ते मला चांगले कळते. निकाल ३-० लागला. एक चेंडू शेवटच्या दहा मिनिटांत पोस्टला लागून परत आला, आणि तो आवाज मला अजून ऐकू येतो.

हा प्रकार टाळायचा उपाय जगाला चाळीस वर्षांपासून माहीत आहे. १९८२ च्या विश्वचषकात स्पेनमधल्या खिखोन शहरात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांचा शेवटचा गटसामना झाला. त्यांच्याच गटातल्या अल्जेरियाचा सामना आदल्या दिवशीच संपला होता. जर्मनी एक-दोन गोलांनी जिंकली की दोघेही पुढे जातात आणि अल्जेरिया घरी, हे मैदानातल्या प्रत्येकाला माहीत होते. दहाव्या मिनिटाला जर्मनीचा गोल झाला आणि मग उरलेला वेळ दोन्ही संघ चेंडू इकडून तिकडे ढकलत राहिले. १-० ने संपलेल्या त्या सामन्यानंतर, १९८६ पासून विश्वचषकात गटातले शेवटचे सामने एकाच वेळी सुरू होतात. आपल्याला यासाठी स्टेडियम बांधायचे नाही. दोन मैदाने, दोन रेफ्री आणि एकच वेळ एवढेच लागते.

तिसरी तक्रार मला सगळ्यात जास्त खुपते. रिकाम्या जागा 'समिती आपल्या अधिकारात भरेल' याचा अर्थ मी आपल्याला समक्ष विचारला, तेव्हा ज्यांच्याकडे स्वतःचे टर्फ (कृत्रिम गवताचे मैदान) आणि ॲकॅडमी आहे अशा संघांना थेट प्रवेश देण्याचा विचार आहे असे तोंडी कळले. पुण्याला हे नवीन नाही. या शहराने वरच्या मजल्यावर थेट उतरलेले क्लब पाहिले आहेत, आणि त्यांची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजलेलीही पाहिली आहे.

२०१४-१५ च्या आय-लीग या राष्ट्रीय पातळीवरच्या लीगमध्ये पुण्याच्या भारत एफसीला थेट प्रवेश मिळाला होता. अकरा संघांत ते शेवटचे आले. पण थेट प्रवेशवाल्यांना खाली न पाठवण्याची सवलत होती, म्हणून त्यांच्या वर असलेला गोव्याचा डेम्पो खाली गेला. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला डेम्पो! भारत एफसी मात्र त्या एका हंगामानंतर बंद झाला. पुढच्याच वर्षी, २०१५-१६ मध्ये, पुण्याच्याच डीएसके शिवाजियन्सला थेट प्रवेश. नऊ संघांत नववे. पुन्हा तीच सवलत, आणि आठवा आलेला मिझोरमचा ऐझॉल खाली. तो क्लब तर सेकंड डिव्हिजन जिंकून, मैदानात खेळून वर आला होता. पुढे गोव्याच्या क्लबांनी अंग काढून घेतले म्हणून ऐझॉलला परत बोलावले, आणि त्यांनी २०१६-१७ ची आय-लीग जिंकून दाखवली. त्याच वर्षी डीएसके शिवाजियन्स लीगमधून बाहेर पडले.

कागदोपत्री नालायक ठरवून खाली ढकललेला संघ वर्षभरात देशाचा विजेता होतो, आणि ज्याला जपले तो राहतच नाही. आपल्या समितीतल्या कोणीतरी ही दोन वर्षे जरा शांतपणे आठवावीत.

मी त्या क्लबांचा द्वेष करत नाही. बालेवाडीच्या स्टेडियमवर मी स्वतः तिकीट काढून गेलोय. पुणे एफसी तर सेकंड डिव्हिजनमधून वर आला होता, २००९-१० मध्ये आय-लीगमध्ये तिसरा आला, २०१२-१३ मध्ये दुसरा, आणि आमची पोरे त्यांच्या कीपरच्या नकला करायची. २०१५ मध्ये तोही मिटला. एफसी पुणे सिटी २०१४ ला आला आणि २०१९ ला इंडियन सुपर लीग या देशाच्या वरच्या लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. या शहरात क्लब मालकाच्या उत्साहावर चालतो आणि त्याच्या ताळेबंदावर बंद पडतो. आम्ही मात्र एकोणीस वर्षे तीच ट्रंक घेऊन येतोय, आणि पायाभूत सुविधा नाहीत असे आम्हालाच ऐकवले जाते.

सुविधांची अट घालायला हरकत नाही. परवाना, फिजिओ, लहान वयोगटाची टीम, काय हवे ते सांगा. वर्ष आधी सांगा, कागदावर सांगा. जिल्हा लीगचा परवाना म्हणजे इंडियन सुपर लीगचा परवाना नव्हे, आम्ही जमवू. तिथेसुद्धा लीग सुरू झाल्यावर नऊ वर्षांनी, २०२३ मध्ये, पंजाबचा क्लब आय-लीग जिंकून वर गेला, आणि पुढच्या वर्षी कोलकात्याचा मोहामेडन. उशिरा का होईना, खालचा दरवाजा त्यांनी उघडला. आपण आहे तो बंद करताय.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. सामन्याचे वेळापत्रक दोन दिवस आधी येते, त्यात शिफ्ट बदलून मिळत नाही. गणपतीच्या आधीचे दोन महिने मैदानाचा एक कोपरा ढोल पथकाकडे असतो, त्यांच्याबद्दल राग नाही (आमचा लेफ्ट विंगर त्याच पथकात ताशा वाजवतो), पण कॉर्नर घ्यायला जागा ठेवा. आणि सगळ्यात वरच्या सुपर डिव्हिजनमध्ये खेळणारे खेळाडू शेवटच्या दोन सामन्यांपुरते त्याच क्लबच्या खालच्या संघात उतरतात, त्याला काहीतरी मर्यादा घाला.

आपण सगळे बिनपगारी काम करता, हे मी विसरलेलो नाही. पावसात मैदान आखायला चुन्याची गोणी घेऊन आलेले सभासद मी पाहिलेत. तक्रार आपल्या कष्टांबद्दल नाही.

आमच्या मागण्या:

१. कलम सात मागे घ्यावे, आणि अंतिम गुणतक्त्यातल्या पहिल्या दोन्ही संघांना फर्स्ट डिव्हिजनमध्ये जागा द्यावी. रिकाम्या जागांचा शब्द दुसऱ्या कोणाला दिला असेल तर एक वर्ष ती डिव्हिजन दोन संघांनी मोठी करा आणि पुढच्या वर्षी तितके जास्त खाली पाठवा. आम्ही खाली जाणाऱ्यांत असलो तर मुकाट्याने जाऊ.

२. नियमपुस्तिका मराठीत, पहिल्या सामन्याच्या किमान महिनाभर आधी प्रत्येक क्लबच्या हातात. माघार, वॉकओव्हर, समान गुण आणि वरच्या संघातले खेळाडू, या चार गोष्टींवर त्यात शंकेला जागा नको. समान गुणांसाठी इंग्लंडसारखा गोलफरक धरा नाहीतर स्पेनसारखे आपसातले सामने. आम्हाला दोन्ही चालेल, फक्त आधी ठरवा.

३. प्रत्येक गटातले शेवटचे सामने एकाच दिवशी, एकाच वेळी.

४. नवा क्लब कितीही मोठा असो, सगळ्यात खालच्या डिव्हिजनपासून.

५. तक्रारीवर पंधरा दिवसांत लेखी, कारणांसहित उत्तर, आणि ते देणाऱ्यांत समितीबाहेरची निदान एक व्यक्ती. २०२४-२५ च्या आय-लीगचे विजेतेपद आधी चर्चिल ब्रदर्सचे ठरले होते, आणि जुलै २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवादाने ते इंटर काशीचे ठरवले. ते लोक लोझानपर्यंत जाऊ शकले. आमच्याकडे स्वारगेटपर्यंत जायचे भाडेसुद्धा वर्गणीतून निघते, तेव्हा न्याय इथेच कुठेतरी मिळायला हवा.

बहिष्कार, मोर्चा, उपोषण यातले आम्ही काही करणार नाही. मी पोरांना विचारले, त्यांना खेळायचे आहे. सरावही बंद नाही, मंगळवार, गुरुवार, पहाटे साडेपाच. राइट बॅक शिफ्टवरून थेट येतो.

नोंदणीची मुदत या महिन्याच्या अखेरीस संपते. खेळाडूंचे फोटो, आधार कार्डाच्या प्रती आणि प्रवेश फीची रक्कम तयार आहे. अर्ज भरून ठेवला आहे. त्यात 'डिव्हिजन' असा एक रकाना आहे, तेवढा मी रिकामा सोडला आहे. तिथे काय लिहायचे ते मुदतीच्या आत लेखी कळवावे, ही विनंती.

आपला,
सेकंड डिव्हिजनमध्ये दुसऱ्या आलेल्या क्लबचा चिटणीस
घोरपडी, पुणे